दोन्ही आपलीच होती

कानेवाडी, ता. कोपरगाव
२ जुलै

चि. संस्कृती,

आपल्या धाकट्या करणच्या हाती हे पत्र देते आहे. तो दुधाचा टेम्पो घेऊन संगमनेरला येतोच, तर तुझ्या आईच्या घराकडे वळून तुझ्या हातात देईल. फोनवर मला बोलता येत नाही. घरात कोणी ना कोणी कायम बसलेलं असतं, आणि तुझं नाव निघालं की हे, तुझे मामा, उठून बाहेर जातात. सासूने सुनेला चोरून पत्र लिहायचं, अशी वेळ आली. बोलते तसं लिहिलं तर तुला हसू येईल, म्हणून सातवीपर्यंत गुरुजींनी शिकवलं तसं लिहिते. चुकलं तर सांभाळून घे.

तू वकिलाला भेटलीस असं करण म्हणाला. दिशा सहा वर्षांची आहे, तिने आईजवळच असायला पाहिजे, हे मला कोणी सांगायला नको. पण कोर्टाचा कागद दारात आला तर तुझे मामा हट्टाला पेटतील आणि मग माझंही काही चालणार नाही. थोडा दम धर. दिशाला भेटायला आलीस आणि तुला शाळेच्या फाटकातून परत पाठवलं, ते मला दोन दिवसांनी कळलं. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, काकासाहेबांनी तसं सांगितलंय. तो स्मारक समितीचा अध्यक्ष असेल, शाळा काही त्याची नाही. पण गावात त्याचा शब्द मोडायला कोणी तयार नाही.

दिवाळीत आपल्या ओंकारच्या स्मारकाच्या उद्घाटनाला त्या चॅनलवाल्या मुलाने तुझ्यापुढे माईक धरला. तू म्हणालीस, ते लढाईत गेले नाहीत, सराव करताना आपलीच दोन हेलिकॉप्टरं एकमेकांना लागली. त्या दिवसापासून हे सगळं सुरू झालं. तू खोटं काहीच बोलली नव्हतीस. तुझे मामा तेव्हा तुला म्हणाले, संगमनेरला नोकरीला जायचं तर जा, पोर इथंच राहील. मी जवळच उभी होते. माझ्या हातात नारळ होता.

दिशा चांगली आहे. जेवते, शाळेत जाते. काळजी करू नको.

माझं म्हणशील तर मला खुर्चीवरून उठू देत नाहीत. मागच्या आठवड्यात शेजारच्या सोयाबीनमध्ये बायका खुरपायला बसल्या होत्या, मीही जाऊन बसले. किती दिवसांनी हाताला माती लागली. काकासाहेबाने रस्त्यावर गाडी उभी केली आणि तिथूनच म्हणाला की वहिनी, शहिदाच्या आईने दुसऱ्याच्या रानात खुरपायचं म्हणजे गावाला शोभत नाही. बायकांनीच माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना मग माझ्यासमोर हसता येत नाही.

तुझी आत्या


२८ जुलै

संस्कृती,

तू पाठवलेला फ्रॉक दिशाला बरोबर बसला. कोणी दिला म्हणून विचारलं तर करणकाकाने, असं सांगायला मी तिला शिकवलं. ती म्हणाली, मला माहितीये आईने दिलाय.

मागच्या पत्रात मी ती चांगली आहे असं लिहिलं. तसं नाही. तुला घाबरवायचं नव्हतं.

नगरकडून कधीमधी लष्कराचं हेलिकॉप्टर जातं ते तुला माहीत आहे. ओंकार सुट्टीवर असला की अंगणात येऊन, वर न बघता, नुसत्या आवाजावरून कोणतं ते सांगायचा. आता आवाज आला की दिशा पळते. काल दुपारी जेवता जेवता उठली आणि धान्याच्या कोठीमागे जाऊन बसली. मी वाकून बघितलं तर तोंडात घास तसाच होता. मला विचारते, "आजी, आपलं हाय का शत्रूचं?"

मी म्हटलं, इथं कुठून येईल शत्रूचं? तर तिने मला पाठ केलेलं म्हणून दाखवलं. मास्तरांनी पंधरा ऑगस्टसाठी भाषण लिहून दिलंय. शत्रूचं हेलिकॉप्टर माझ्या बाबांच्या हेलिकॉप्टरवर चाल करून आलं, बाबांनी माघार घेतली नाही, त्याला धडक देऊन पाडलं. कोठीमागे बसून, एका दमात, हातवाऱ्यांसकट.

तुझे मामा कडबा तोडत होते. मी त्यांना सरळ विचारलं, हे पोरीला काय शिकवताय? त्यांनी हातातला विळा थांबवला नाही. मी म्हटलं, पेटी घेऊन जे साहेब आले होते त्यांनी याच अंगणात उभं राहून आपल्याला काय सांगितलं होतं? वाळवंटात सराव चालला होता. दोन हेलिकॉप्टरं जोडीने उडत होती. धुळीचा लोट उठला, दिसेनासं झालं, आणि हवेतच एकाची पाती दुसऱ्याला लागली. दोन्ही खाली आली. दोन्हीतलं कोणीच वाचलं नाही. आणि आपला ओंकार ते चालवत नव्हता, तो इंजिन बघायचा, फ्लाइट इंजिनिअर होता.

हे सगळं त्यांना माहीत नाही असं नाही. पेपरवाल्याने वीरमरण लिहिलं. मग नेत्यांनी भाषणात सरहद्द घातली. मग काकासाहेबाने दगडावर 'पायलट' कोरून घेतलं आणि खाली 'शत्रूशी झुंजताना'. प्रत्येकाने आपापलं थोडं घातलं आणि तुझे मामा प्रत्येकाला हात जोडत गेले. त्या दिवसांत त्यांना कशाचीच शुद्ध नव्हती, तू बघितलंस.

शेवटी एवढंच म्हणाले, "आता कुनाकुनाला सांगत फिरू?"



आत्या


१६ ऑगस्ट

संस्कृती,

हे पत्र तू एकटी असताना वाच.

काल झेंडावंदन झालं. दिशाला छोटा गणवेश शिवला होता, डोक्यावर टोपी. तिने भाषण न अडखळता म्हटलं. शत्रूचं हेलिकॉप्टर पाडलं म्हणताना तिने मूठ आपटली तसा सगळा मंडप टाळ्यांनी भरून गेला. तुझे मामा पुढच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मी बायकांच्या बाजूला होते.

जिलेबी वाटायला लागले तेव्हा मागून एक बाई माझ्याजवळ आल्या. पांढरी सुती साडी, हातात छत्री आणि कापडी पिशवी. त्या म्हणाल्या, "मी हन्ना. नोहाची आई."

नोहा तुला आठवत असेलच. नगरचा, ओंकारच्याच तळावरचा. दोघं एका जिल्ह्याचे म्हणून त्यांची मैत्री. एकदा सुट्टीत ओंकारबरोबर आला होता, तू बाजरीच्या भाकरी केल्या होत्यास आणि त्याने ठेचा मागून घेतला होता. दुसरं हेलिकॉप्टर त्याचं. ते तो चालवत होता.

त्यांनी दिशाचं सगळं भाषण मागे उभं राहून ऐकलं होतं.

मी त्यांचा हात धरला आणि घरी घेऊन आले. तुझ्या मामांनी वाटेतच ओळखलं असावं, हात जोडले आणि गोठ्याकडे गेले ते आलेच नाहीत. हन्नाबाई पाणी प्यायल्या. शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त झाल्यात, घरी एकट्याच असतात. म्हणाल्या, नोहासाठी आमच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली, दगड वगैरे काही नाही. ओंकारचं स्मारक झाल्याचं कळलं, वाटलं तिथे थोडा वेळ उभं राहून यावं, दोघं बरोबरच गेले ना. म्हणून कोपरगावपर्यंत एसटीने आणि तिथून रिक्षाने आल्या होत्या. कोणी बोलावलं नव्हतं, बोलवायचं आम्हाला सुचलंही नव्हतं.

मी चहा ठेवला. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. मग अगदी हळू म्हणाल्या, "शिकवणाऱ्याने तेवढा विचार केला नसेल. पण माझा नोहा शत्रू नव्हता, ताई."

दिशा दारातच होती. हातात जिलेबी होती, पाक कोपरापर्यंत ओघळलेला. तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आजी, नोहाकाका कोन?"

मी चहा उतरवला आणि तिला जवळ घेतलं. आता नाही सांगितलं तर मला पुढे कधीच सांगता येणार नाही असं वाटलं. म्हटलं, "तुझ्या बाबांचा दोस्त. आपल्याकडं जेवून गेल्ता. दुसरं हेलिकॉप्टर त्याचं हुतं, दिशे. दोन्ही आपलीच हुती. धूळ उडाली, दिसलं न्हाई, आन एकमेकांना लागली."

"मंग शत्रू कुठं हुता?"

"तिथं शत्रू न्हवताच."

तिने हातातली जिलेबी खाली ठेवली. मग हन्नाबाईंकडे वळून म्हणाली, "मी खोटं बोलले?"

हन्नाबाईंनी पदराने तिचा हात पुसला. म्हणाल्या, तुला जे पाठ करायला दिलं ते तू म्हटलंस, त्यात तुझं काही चुकलं नाही. आवाज नीट ठेवून म्हटलंस, नोहाही शाळेत असताना भाषणं, असं म्हणता म्हणता त्यांचं वाक्य अर्धवटच राहिलं. नंतर मी त्यांना स्मारकाजवळ घेऊन गेले. सगळे पांगले होते. त्यांनी दगड वाचला, डोळे मिटून उभ्या राहिल्या. संध्याकाळच्या एसटीला करणने सोडलं.

तुझे मामा अंधार पडल्यावर गोठ्यातून आले. जेवले नाहीत.

आत्या


९ सप्टेंबर

संस्कृती,

करणने तुला थोडंफार सांगितलं असेल. तो तिखटमीठ लावतो म्हणून मी लिहिते.

दिशाने शाळेत सगळ्यांना सांगितलं. बाबा पायलट नव्हते, शत्रू नव्हता, दोन्ही आपलीच होती. मुलांनी तिला खोटारडी म्हटलं. मास्तरांनी वर्गाबाहेर बसवलं, म्हणे शांत होईपर्यंत. संध्याकाळी काकासाहेब आणि आणखी चारपाच जण आले. ओरडला कोणीच नाही, उलट गोडच बोलले. गावाचं नाव झालंय, रस्ता मंजूर होतोय, बाहेरगावच्या शाळा बघायला येतात, अशा वेळी घरातूनच असं बाहेर पडलं तर बरं दिसत नाही. पोरीच्या मनात तिच्या आईने भरवलेलं दिसतंय, थोडे दिवस शाळेत पाठवू नका, विसरून जाईल. तुझे मामा व्हय व्हय म्हणत राहिले.

ती मंडळी गेल्यावर मामांनी कंपाउंडच्या फाटकाला कुलूप लावलं. समितीने बांधून दिलेलं कंपाउंड, वर कमान, कमानीवर ओंकारचं नाव. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. लोक येऊन पोरीला काहीबाही विचारतात, म्हणून लावलं म्हणाले. करण टेम्पो काढतो तेवढ्यापुरतं उघडतात. करण त्यांना म्हणाला, "आप्पा, हे घर हाय का कोंडवाडा?" त्यावर बापलेकांत जे झालं ते लिहीत नाही.

दिशा रोज सकाळी गणवेश घालते, दप्तर पाठीला लावते आणि फाटकाजवळच्या ओट्यावर बसते. शाळेची प्रार्थना तिथपर्यंत ऐकू येते. ती संपली की उठून घरात येते आणि कपडे बदलते. रडत नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी तुझ्या मामांशी बोलले. ते ओट्यावर बसले होते, मी खाली पायरीवर. मी म्हटलं, तुम्ही एकदाच काकासाहेबाला सांगा ना, दगडावर चुकीचं लिहिलंय. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर काय झालं असतं? पोरगं नुसतंच अपघातात गेलं, असं झालं असतं. एसटीच्या अपघातात जातं तसं. मला ते सोसलं नसतं, बने."

लग्नानंतर पहिली काही वर्षं ते मला बने म्हणायचे.

मी म्हटलं, "एसटीत गेला असता तरी मी एवढीच रडले असते." ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता किल्ली काढून देतील. पण बाहेर कोणाची तरी गाडी थांबली आणि त्यांनी खिशावर हात ठेवला.

मी तुला दम धर म्हणाले होते. आता म्हणत नाही. वकिलाला जे करायचं ते करू दे.

आत्या


३० सप्टेंबर

संस्कृती,

परवा तुझ्या दारात दिशाला सोडून मी पाणीही न पिता निघाले, तुला वाईट वाटलं असेल. थांबले असते तर मी परत आले नसते, म्हणून गेले. आम्ही कसे निघालो ते तू विचारलंस, दिशासमोर सांगता आलं नाही.

त्या दिवशी सकाळी ती ओट्यावर बसायला गेली नाही. मी हाका मारल्या. कोठीमागे सापडली. आकाशात काही नव्हतं, कसलाही आवाज नव्हता. नुसतीच बसली होती, पायाशी दप्तर घेऊन. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, काही नाही, इथंच बरं वाटतं. तेव्हा मला भीती वाटली. ओंकार गेला तेव्हाही अशी वाटली नव्हती, कारण तेव्हा सगळं होऊनच गेलं होतं.

मी तिचे कपडे पिशवीत भरले. तुझे मामा दाढी करत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"किल्ली द्या. पोरीला तिच्या आईकडं नेते."

"गाव काय म्हनंल?"

"गाव लई म्हनलं. आता मी म्हनते. किल्ली द्या."

अर्ध्या गालाला फेस तसाच होता. मला वाटलं हात उगारतील. आयुष्यात कधी उगारला नाही, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा मला ओळखू येत नव्हता. ते उठले आणि किल्ली घेऊन स्वतःच फाटकापर्यंत आले. दोनदा प्रयत्न केला, पण किल्ली कुलपात जाईना. दिशाने त्यांच्या हातातून घेतली आणि कुलूप काढलं. मग त्यांना म्हणाली, "आबा, तुमी बी चला."

ते म्हणाले, आईजवळ नीट राहा. एवढंच. करण टेम्पो सुरू करून थांबला होता. आम्ही वळणावर गेलो तरी ते कमानीखाली उभेच होते. एका बाजूचा फेस वाळून गेला होता.

मी परतले तेव्हा त्यांनी विचारलं, रडली का? मी म्हटलं, नाही, आईला बघून पळत गेली. ते आत निघून गेले.

आत्या


७ डिसेंबर

संस्कृती,

दिशाचं अक्षर बघून आनंद झाला. आता हेलिकॉप्टर गेलं तर ती पळत नाही, फक्त तुझा हात धरते, असं तू लिहिलंस. ते मी तिच्या आबांना वाचून दाखवलं. हो, उघडपणे वाचून दाखवलं. आता चोरून काही नाही.

इकडचं सांगते. दिवाळी झाल्यावर ते स्वतः काकासाहेबाकडे गेले आणि म्हणाले, दगड बदला. पायलट काढा, शत्रू काढा, आणि खाली नोहाचं नाव घाला. काकासाहेबाने चहा पाजला. म्हणाला, ग्रामसभेत ठराव झालाय, वरपर्यंत फोटो गेलेत, आता दगडाला हात लावता येत नाही. आणि निघताना करणला बाजूला घेऊन म्हणाला, आप्पांना एकदा डॉक्टरला दाखव, नात गेल्यापासून त्यांच्या मनावर परिणाम झालाय.

तेव्हापासून ते रोज सकाळी स्मारकाच्या पायरीवर जाऊन बसतात. जो कोणी थांबेल त्याला सांगतात. पायलट नव्हता, इंजिन बघायचा. दोन्ही आपलीच होती. लोक मान डोलवतात, त्यांच्या पाया पडतात, दगडासमोर फोटो काढतात आणि जातात. गावात आता सगळे म्हणतात, म्हातारा भ्रमिष्ट झाला. माझ्या भावानेही तेच विचारलं. खोटं होतं तेव्हा त्यांना खुर्ची द्यायचे, आता कोणी खरं ऐकूनही घेत नाही. मी दुपारी भाकरी घेऊन जाते आणि त्यांच्याजवळ बसते. निदान आम्ही दोघं तरी एकच सांगतो. कमानीखालून जाताना ओंकारच्या नावाकडे मला अजून बघवत नाही, पण जाते.

हन्नाबाईंना मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, दगडाचं राहू द्या, तुमच्या यजमानांना म्हणावं थंडीत उघड्यावर बसू नका.

काल पारनेरकडच्या एका शाळेची सहल आली होती. यांनी सांगायला सुरुवात केली तसं त्यांच्या बाईंनी मुलांना बसकडे वळवलं. पण एक मुलगी मागे राहिली, बुटाची नाडी सुटली होती तिची. नाडी बांधता बांधता तिने विचारलं, दुसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये कोण होतं?

हे घरी आले आणि दारातूनच मला सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. "बने, पोरीनं विचारलं मला. मी म्हनलं, नोहा हुता. नगरचा. आमच्या घरी जेवून गेल्ता." मग हातपाय धुऊन पाटावर बसले आणि मागून घेऊन जेवले.

जेवण झाल्यावर त्यांनी मला तुला पत्र लिहायला सांगितलं. ते विचारतायत, रविवारी दिशाला भेटायला आलो तर चालेल का? तू हो म्हणालीस तर करणच्या शेजारी टेम्पोत बसून येतील, तासभर बसतील आणि परत जातील. तू नाही म्हणालीस तर मी त्यांना नीट समजावून सांगेन, तुझ्यावर राग धरू देणार नाही. मी लिहितेय आणि ते शेजारी बसून बघतायत, बरोबर लिहिलं का म्हणून.

तुझी आत्या,
बनुबाई